डब्यावरचा गूळ

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा भाव आधी डोळे ठरवतात. सौद्याला उभा राहिलेला व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडतो, कणी बघतो, तुकडा जिभेवरही ठेवतो. पण बोली चढते ती रंगावर. जितका पिवळाधमक, तितका आकडा वर. 1895 साली शाहूपुरीची पेठ वसली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि इथला बराचसा गूळ आजही गुजरातला जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळा गूळ लागतो. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यातला रंगाचा मान त्यानं कमी झाला नाही.

अशा पेठेपासून थोड्याच अंतरावर, करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला एक गुऱ्हाळ आहे. ते चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणतात. आबा स्वतःच गुळवे. काहिलीत रस तापू लागला की रानभेंडीचं चेचून भिजवलेलं खोड पिळून ते त्याचा चिकट रस आत सोडतात, वर येणारी मळी झाऱ्यानं काढत राहतात, बेतानं चुना टाकतात. रस आटत आटत 116 ते 118 अंशांच्या घरात आला की त्यांना थर्मामीटर लागत नाही. फेस कसा फुटतो ते बघतात, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात, बोटांत गोळी वळली की हात वर करतात. काहील उतरते, गूळ वाफ्यात ओतला जातो. यापलीकडे आबांच्या काहिलीत काही पडत नाही.

बऱ्याच गुऱ्हाळांत पडतं. सोडियम हायड्रोसल्फाइट नावाची पांढरी भुकटी, जिला गुऱ्हाळावर नुसतं ‘हायड्रॉस’ म्हणतात. ती पडली की तांबूस पाक बघता बघता उजळतो आणि सौद्यात क्विंटलमागे चांगला फरक पडतो. आबांनी ती कधी वापरली नाही, म्हणून त्यांचा गूळ गडद तांबूस निघतो आणि बोलीत मागे राहतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काळा गूळ म्हणजे चांगलाच गूळ, असं मुळीच नाही. खारवट जमिनीतला ऊस, नीट न काढलेली मळी, तळाला लागलेला पाक, यांनीही गूळ काळा पडतो. आणि काळजीनं काम करणाऱ्या गुळव्याचा गूळ हायड्रॉसशिवायही बऱ्यापैकी उजळ निघू शकतो. रंग एकटा काहीच सिद्ध करत नाही, म्हणूनच तो गिऱ्हाइकाला फसवायला सोपा पडतो.

आबांच्या थोरल्या सुनेला गुऱ्हाळावरची माणसं वहिनी म्हणतात. हिशेबाची वही तिच्याकडे. तिनं एका हंगामात ठरवलं की रवे पेठेत जायचे तसे जाऊ देत, पण थोडा गूळ दहा-दहा ग्रॅमच्या वड्यांत पाडून अर्ध्या किलोच्या डब्यात भरायचा आणि थेट शहरात विकायचा. शहरातल्या ओट्यावर ढेप फोडायला बत्ता नसतो. चहाला एक वडी, वरणाला एक वडी, मोजायला सोपं. तिचा अंदाज अगदी बरोबर होता. आबा म्हणाले, “गूळ माझा, बाकीचं तुझं तू बघ.”

बाकीचं म्हणजे डबा, नाव आणि चिन्ह.

वहिनीच्या बहिणीचा मुलगा पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत होता. हुशार, मायाळू पोरगा. त्यानं मावशीकडून एक पैसा घेतला नाही. “मावशी, असा डबा करून देतो की मॉलच्या फळीवर सगळ्यांत आधी नजर त्याच्यावर जाईल,” म्हणाला, आणि खरंच रात्री जागून त्यानं तो केला. चकचकीत लॅमिनेशनचा, 300 जीएसएमच्या पुठ्ठ्याचा डबा. वर इंग्रजी नाव, सोनेरी फॉइलमध्ये. नावाच्या डोक्यावर दोन हिरवी पानं. कोपऱ्यात गोल शिक्का, ‘सेंद्रिय’. आणि मधोमध केळीच्या पानावर रचलेल्या, सोन्यासारख्या झळाळणाऱ्या गुळाच्या वड्या. फोटो इंटरनेटवरून रीतसर पैसे भरून घेतलेला होता. गुऱ्हाळावर येऊन फोटो काढायला त्याला सवड झाली नव्हती.

छापखान्याचा हिशेब ज्यांनी कधी केलाय त्यांना ठाऊक असतं की ऑफसेटला प्लेटचा आणि डायचा खर्च एकदाच बसतो. दोनशे डबे छापा नाही तर दोन हजार. म्हणून नग वाढवले की एकाची किंमत उतरते आणि नवा माणूस हमखास जास्त छापून बसतो. वहिनीनं दोन हजार छापले. चौदा रुपयांना एक, म्हणजे अठ्ठावीस हजार. पेस्टिंगचे पैसे वाचवायला डाय मारलेले सपाट डबे घरी आणले आणि दुपारी बायका मिळून लागतील तसे चिकटवू लागल्या.

पुण्यातल्या एका प्रदर्शनात टेबल मिळालं. पहिल्या दिवशी डबे भराभर गेले. लांबून बघणारी माणसं सरळ त्या सोनेरी डब्याकडे येत होती. भाचा जिंकला असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डबे परत यायला लागले.

एक बाई फोडलेला डबा टेबलावर ठेवून काही न बोलता पैसे मागायला उभी राहिली. दुसरीनं वडी डब्यावरच्या फोटोशेजारी धरली आणि म्हणाली, “हे बघा आणि हे बघा. जुना माल भरलाय तुम्ही.” वहिनी सांगू लागली की हायड्रॉस नाही म्हणून रंग असा आहे, चाखून तर बघा. पण फसवलं गेलोय असं एकदा मनात आल्यावर कोण चाखतो? एक निवृत्त मास्तर तेवढे थांबले. त्यांनी डबा परत केला नाही. म्हणाले, “बाई, गूळ उत्तम आहे. पण तुमचा डबा खोटं बोलतो आणि मग तुम्ही खरं बोललात तरी ते सारवासारव वाटतं. आणि हे सेंद्रिय कशावरून? प्रमाणपत्र कुठाय?”

प्रमाणपत्र नव्हतं. आबा शेणखत घालतात, रानात औषध मारत नाहीत, म्हणून भाच्यानं सरळ मनानं तो शब्द टाकला होता. पण पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर त्याला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांसारख्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याबरोबर ‘जैविक भारत’चं चिन्ह येतं. काही अगदी लहान उत्पादकांना थेट विक्रीसाठी यात सवलत आहे, पण दुकानातून विकायचं तर नाही. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. गूळ कोल्हापूरचा आहे म्हणून ते चिन्ह आपोआप आपल्या डब्यावर येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

प्रदर्शन संपलं. ज्या दोन दुकानांत माल ठेवला होता त्यांनीही खोकी परत पाठवली. सोप्यात सपाट डब्यांची चळत तशीच उभी होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वहिनीचा नवरा आबांसमोर बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, “आबा, डब्यावर चित्र छापलंय ते काही आता बदलत न्हाई. काहिलीला एक चमचा हायड्रॉस घालू. जास्त न्हाई. हे डबे संपेपर्यंत.”

मला या गोष्टीतली सगळ्यांत भयंकर जागा ही वाटते. बोलणारा माणूस वाईट नव्हता. घरात अठ्ठावीस हजारांचा पुठ्ठा पडून होता आणि तो पुठ्ठा त्याच्या तोंडून बोलत होता. वेष्टन मालासाठी असतं. त्या रात्री मालानं वेष्टनासाठी बदलावं अशी मागणी झाली, आणि तीही मुदत घालून, अगदी थोड्याची. आयुष्यभर न घातलेली भुकटी एका फोटोसाठी काहिलीत पडायची वेळ आली होती. वहिनी दारात उभी होती. ती गप्प राहिली, कारण तिच्याही मनात तेच चाललं होतं.

आबा उठले. देवळीतून त्यांनी कागदाची पुडी आणली. “शेजारच्या गुऱ्हाळातला खडा हाय. गेल्या मार्गशीर्षातला. त्या वक्ताला हळदीसारखा पिवळा होता.” पुडी उघडली. खडा मळकट तपकिरी झाला होता. हायड्रॉसनं उजळलेला रंग टिकत नाही. काही महिन्यांत गूळ पुन्हा काळवंडत जातो, आणि तोही एकसारखा नाही, डाग पडल्यासारखा. “चित्र छापणाऱ्यानं ह्याचं पण चित्र छापावं,” आबा म्हणाले आणि झोपायला गेले.

हायड्रॉसचा विषय तिथं मिटला. पण डब्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच.

चार दिवसांनी गावातले पेंटर काका आले. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात पेंटर हे आडनावासारखं लागतं. बाबूराव मूळचे मेस्त्री, पण जग त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतं. आमच्या गोष्टीतले काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून ते काम गेलं; आता देवळावरची नावं, टेम्पोच्या फाळक्यावरची अक्षरं एवढंच उरलंय. घरी त्यांच्याकडे एक जाड वही आहे, तीत वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आहेत, कमल शेडगे यांनी केलेल्या शीर्षकांची. नाटकाचा स्वभाव अक्षरात कसा उतरवायचा ते शेडग्यांनी दाखवलं, असं काका सांगतात. ते आले होते टेम्पोवर गुऱ्हाळाचं नाव घालायला.

वहिनीनं चहा दिला, सोबत वडी आणि तो सोनेरी डबा. काकांनी वडी तोंडात टाकली. डबा हातात फिरवून बघितला, झाकण उघडलं, पुन्हा बघितला.

“वहिनी, ह्यो डबा कुठल्या गुळाचा?”

“आपलाच की ओ.”

“न्हाई. आपला गूळ मी आत्ता खाल्ला. ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी हाय.”

त्यांनी आणखी एक वडी मागितली आणि ती रंगाच्या डब्यांशेजारी काचेच्या तुकड्यावर ठेवली. गेरूच्या रंगाची रेड ऑक्साइडची बोटभर रेघ काचेवर ओढली, त्यात पिवळा मिसळला, काडीच्या टोकानं काळा लावला. घोटून झालं की रंगाचा ठिपका वडीला भिडवायचे, डोळे बारीक करून बघायचे, पुसून टाकायचे. पहिला ठिपका विटेसारखा निघाला. दुसऱ्यात काळा जास्त झाला. मग त्यांनी वडी मधोमध मोडली आणि बाहेरचा रंग सोडून आतल्या ताज्या मोडीचा रंग धरला, तांबूस, किंचित पारदर्शक, मधासारखी झाक असलेला. तो जमला तेव्हा ठिपका आणि वडी यांतली कड दिसेनाशी झाली. “आता ह्यो तुमचा रंग,” काका म्हणाले. “टेम्पोवर ह्योच, डब्यावर ह्योच.”

नावाचा प्रश्न त्यांनी आबांना विचारला. आबा काहिलीवर वाकले होते. “नाव काय घालू?” आबांनी मान वर न करता झारा काहिलीच्या काठावर आपटला. “ही हाय की.” नाव ठरलं, ‘काहील’.

काकांनी दोऱ्याला खडू फासून फाळक्यावर आडवा फटका मारला, पांढरी रेघ उमटली. त्या रेघेवर शिरोरेखा घेतली, पण ती नेहमीसारखी अक्षरांवर संपवली नाही. दोन्ही बाजूंना पुढे नेऊन टोकांशी किंचित खाली झुकवली, म्हणजे रुंद काहिलीचा काठ झाला. तिन्ही अक्षरं त्या काठाखाली, आणि त्यांच्या पायथ्याशी एकच उथळ कमान, काहिलीचा तळ. ‘ही’ची दीर्घ वेलांटी मात्र शिरोरेखेच्या वर गेली होती, उतू येणाऱ्या रसासारखी वळलेली. नाव वाचता येत होतं आणि न वाचणाऱ्याला भांडं दिसत होतं. ज्या पेठांत पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाइकांनी छाप बघून माल ओळखला, तिथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

वहिनीनं फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर म्हणजे तो स्वतःच रात्रीच्या गाडीनं आला. दुसरा सबंध दिवस तो चुलाणापाशी बसला. चिपाडं सारताना हात भाजून घेतला, मळी काढून बघितली, गरम गूळ पानावर घेऊन खाल्ला. त्याला दोष देणं सोपं आहे. पण तो आला, आणि जे त्याला येत होतं ते त्यानं काकांच्या अक्षरांसाठी वापरलं. हे मला त्याच्या हुशारीहून मोठं वाटतं.

काकांच्या अक्षरांचा फोटो त्यानं संगणकावर रेषारेषांनी पुन्हा उभा केला. मग चिन्ह नखाएवढं करून छापून बघितलं. ‘ह’च्या पोटातली जागा शाईनं बुजून गेली होती. साध्या पुठ्ठ्यावर शाई पसरते, बारीक जागा भरून येतात. काकांनी ‘ह’चं पोट मोकळं केलं, वेलांटीची मान जाड केली. पुन्हा छापलं. शाई संपत आलेल्या झेरॉक्समधून काढलं. मोबाइलवर गोल चौकटीत बसवून बघितलं. जे चिन्ह फक्त मोठ्या पडद्यावर छान दिसतं ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर, बिलाच्या कोपऱ्यात आणि रबरी शिक्क्यात मरतं. हे चिन्ह एका रंगात, नखाएवढं असतानाही टिकलं. त्यात पानं नव्हती. गुळाला पानं कुठली?

सोप्यातल्या सपाट डब्यांची युक्ती काकांचीच. त्यांनी एक डबा उलटा केला. आतली बाजू साध्या राखाडी पुठ्ठ्याची, कोरी. “घडी उलटी घाला.” घडी बसली, पण ती चिकटेना, गोंद आता लॅमिनेशनवर लागत होता आणि गुळगुळीत पृष्ठभाग तो धरत नव्हता. काकांनी झोळीतून पॉलिश पेपर काढला, चिकटवायच्या पट्टीवर चार वेळा घासला, चमक गेली आणि गोंद धरला. पाट्या रंगवणारा माणूस जुना तेलरंग असाच मोकळा करतो. समोरच्या बाजूला पट्टी लावून ब्लेडनं चौकोन कापला, म्हणजे खिडकी झाली. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात पाझरतो, म्हणून वड्या आधी खाण्याच्या पदार्थांसाठीच्या जाड पारदर्शक पिशवीत सीलबंद, आणि पिशवी डब्यात. खिडकीतून आता वडीच दिसत होती. तिच्या वर काकांच्या रंगातला रबरी शिक्का, ‘काहील’.

मागच्या बाजूसाठी स्टिकर करायचा ठरला. त्यावर वहिनी आणि भाचा दोघे बसले. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, एका ग्रॅमला किती पडते तो दर, तक्रारीसाठी फोन, आणि अन्नसुरक्षा खात्याचा 14 आकडी क्रमांक. वजनाचा आकडा किती उंचीचा असावा हेही नियमांत लिहिलेलं असतं. सुंदर दिसावं म्हणून तो बारीक करता येत नाही. एकाच रंगात सगळं उरकायचं ठरलं होतं, पण शाकाहाराचा ठिपका आणि त्याभोवतीचा चौकोन हिरवाच लागतो, म्हणून स्टिकर दोन रंगांचा झाला. मजकुरासाठी भाच्यानं मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्ता’ हा फुकट मिळणारा टंक घेतला, कारण बारीक आकारातही त्यातली जोडाक्षरं नीट वाचता येतात.

समोर, शिक्क्याखाली काय लिहायचं यावर वाद झाला. भाचा म्हणाला, ‘शुद्ध, नैसर्गिक’. वहिनी म्हणाली, ते सगळेच लिहितात. शेवटी तिनंच वाक्य सांगितलं, “हा गूळ गडद आहे. काहिलीत हायड्रॉस घातलेला नाही.” छापण्याआधी तिनं प्रयोगशाळेतून गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घेतली आणि अहवाल फायलीत लावला. कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे, मास्तर विचारून गेले होते तसं.

आणि मग तिनं आणखी तीन ओळी घातल्या, ज्या मी तरी दुसऱ्या कुठल्या डब्यावर वाचल्या नाहीत. ‘चिक्कीसाठी हा गूळ वापरू नका, चिक्कीचा गूळ वेगळा असतो. चहात घालायचा तर चहा उतरवल्यावर घाला, उकळत्या दुधात घातला तर दूध फाटू शकतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.’ भाचा घाबरला होता. आपल्याच डब्यावर ‘वापरू नका’ कोण लिहितं? वहिनी म्हणाली, “संक्रांतीला कुणाच्या चिक्कीचा चोथा झाला तर शिव्या मलाच बसणार. आधी सांगितलेलं बरं.”

‘काहील’ या नावासाठी वर्ग 30 मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज भरला; लहान उद्योगाला ऑनलाइन त्याचे साडेचार हजार लागतात. ‘शुद्ध गूळ’ असं नाव असतं तर हे पैसे वायाच गेले असते, कारण मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा कुणा एकाच्या मालकीचा करून मिळत नाही.

पुढच्या हंगामात राखाडी डबे घेऊन वहिनी पुन्हा पुण्याला गेली. लांबून कुणी धावत आलं नाही. सोनेरी डब्याच्या पहिल्या दिवशी जेवढे खपले होते त्याच्या निम्मेही पहिल्या दिवशी खपले नाहीत. काही जण खिडकीतून बघून “काळा आहे हो” म्हणून पुढे गेले. त्यांना तसं जाता आलं, हे चांगलंच झालं. पैसे देऊन, घरी नेऊन, चिडून परत येण्यापेक्षा. जे थांबले त्यांनी वाक्य वाचलं, प्रश्न विचारले, चाखलं. परत एकही डबा आला नाही. शेवटच्या दिवशी मास्तर आले, मागची बाजू चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि चार डबे घेतले.

उलटे केलेले डबे संपले तेव्हा खिडकीचा नवा डाय करून साध्या पुठ्ठ्यावर पाचशे छापले, दोन हजार नाही. भाच्यानं चार रंगांच्या मिश्रणातून तो तांबूस रंग काढायचा नाद सोडला. छापखान्यातल्या माणसाला काकांनी रंगवलेली पट्टी दिली आणि त्यानं तेवढी एक शाई घोटून दिली. काकांना अक्षरांचे पैसे दिले, टेम्पोचे वेगळे आणि डब्याचे वेगळे. ते घ्यायला तयार नव्हते. आबांनी त्यांच्या खिशात कोंबले.

आबांचे रवे आजही सौद्यात पिवळ्या रव्यांच्या मागेच राहतात. ते बदललेलं नाही. डब्यांतून जो गूळ जातो त्याचा भाव मात्र आता घरात ठरतो, आणि काहिलीत अजूनही उसाचा रस, भेंडी आणि चुना एवढंच पडतं.

तुमच्यापैकी कुणी लोणचं, पापड, मसाला, मध, साबण, काहीही नवं करून बाजारात आणणार असेल, तर एवढं करा. डबा करणाऱ्याला मालाचा फोटो पाठवू नका. त्याला बोलावून घ्या, कामाच्या जागी दिवसभर बसवा, माल त्याच्या हातात द्या. पहिले शंभर डबे रबरी शिक्क्यावर काढा आणि ते घेणाऱ्यांना आठवड्यानं फोन करून विचारा की उघडल्यावर काय वाटलं. प्लेट त्यानंतर बनवा.